हबीबमामूंचा सकाळचा आकडा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी शिकलो तेही कॉम्प्युटरचं. मला प्रोजेक्टचा अहवाल लिहिता येतो. त्यात 'उद्दिष्ट', 'पद्धत', 'निष्कर्ष' अशी ठरलेली खोकी असतात, ती भरली की झालं. माणसाबद्दल लिहायला तशी खोकी नसतात, हे कागद घेऊन बसल्यावर कळलं. शिवाय हबीबमामूंना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी पंधरा-वीस माणसं उंद्रीच्या बसथांब्यावर कोणत्याही सकाळी भेटतील. पण ती लिहिणार नाहीत. आणि मामूंची एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. ती सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून हे धाडस करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

उंद्रीला बसथांब्यामागे टिनाचं एक शेड आहे. त्यात शेख हबीब फवारणीचे पंप दुरुस्त करत. माझी आई उंद्रीची लेक. त्यामुळे तिच्या वयाचे गावातले सगळे पुरुष माझे मामा, आणि हबीब हे मामू. आमचं गाव तिथून चार किलोमीटर. मी अकरावीत असताना बाबांबरोबर पहिल्यांदा त्या शेडात गेलो. बाबांनी सायकलच्या कॅरेजवरून पंप उतरवला आणि म्हणाले, "हबीबभाऊ, दाब धरत नाही."

मामूंनी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावरचं पोतं झटकून बाबांना बसायला दिलं आणि म्हणाले, "पंप मंग पाहू. पहिले वावर सांग."

बाबा शेताचं सांगू लागले. कपाशी किती दिवसांची, पात्या, म्हणजे कळ्या, किती लागल्या, खाली किती गळल्या. मामू डोळे मिटून ऐकत होते. मधेच विचारलं, "डोमकळी दिसली काय?" डोमकळी म्हणजे कपाशीचं न उमललेलं फूल. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या मिटलेल्या असतात, गुलाबाच्या कळीसारख्या. ते फूल उघडलं की आत गुलाबी बोंडअळी सापडते.

"दिसल्या दोन-चार," बाबा म्हणाले.

"कुठं उभं राहून पाह्यल्या?"

"धुऱ्यावरून." धुरा म्हणजे वावराचा बांध.

"धुऱ्यावरून तं लेका दुसऱ्याचा संसारबी चांगला दिसते!" मामू डोळे उघडून म्हणाले. "मंधात जाय. पाच जागी थांब, दर जागी झाडं पाह्य. आकडा घेऊन ये, मंग पंप ने."

बाबा परतताना चार किलोमीटर पुटपुटत होते. "पंपवाला हाय का तलाठी?" पण दुसऱ्या दिवशी ते वावराच्या मधोमध गेले, पाच जागी थांबले. मीही बरोबर होतो.

उंद्रीहून परततानाच बाबांनी मला साहेबरावांची हकिगत सांगितली. साहेबराव मजुरीनं फवारणी करत. एका वर्षी त्यांच्या पाठीवरचा पंप झिरपत राहिला, औषध सदऱ्यातून कातडीला लागलं आणि ते वावरातच भोवळ येऊन पडले. बुलढाण्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढून परत आले, पण नजर धूसर झाली ती कायमची. पंप नुकताच मामूंच्या शेडातून दुरुस्त होऊन गेलेला होता. मामू याबद्दल कोणाशी बोलत नसत. मात्र तेव्हापासून प्रत्येकाला आधी वावर विचारू लागले. विनाकारण फवारा मारणारा माणूस दिसला की ते चिडत. "बिनकामाचा फवारा म्हंजे बिनदुखन्याचं इंजेक्शन," असं म्हणत. कोणाचा पंप झिरपताना दिसला तर रबरी वायसर आणि नळी बदलल्याशिवाय हातात देत नसत, मग तो माणूस कितीही घाईत असो.

बीटी बियाणं आमच्याकडे आलं तेव्हा मी लहान होतो. बोंडअळीचं भय गेलं, असं तेव्हा सगळे म्हणत. काही वर्षं ते खरंही होतं. नंतर गुलाबी अळी बीटीच्या बोंडातही राहू लागली. मामू म्हणायचे, "आपले पोट्टे शाळेत जाऊन जे शिकत नाहीत, ते अळी बिनशाळेची शिकली." एका वर्षी तर लोकांनी हिरव्यागार कपाशीत ढोरं सोडली. बोंडं बाहेरून टपोरी आणि आतून किडलेली. त्या हंगामात ज्याला जे औषध मिळालं ते त्यानं मारलं, कोणी दोनदा, कोणी तीन औषधं मिसळून. मामूंच्या शेडात पंपांची रांग लागली होती आणि मामू दिवसभर एका पंपाला हात न लावता माणसांशी भांडत होते.

पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या दीड एकरात कामगंध सापळे लावले. काठीला बांधलेली एक प्लॅस्टिकची पिशवी, वर झाकण, आत मादीच्या वासाची छोटी गोळी. त्या वासानं नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. सकाळी मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारा मारायची वेळ झाली, नाहीतर थांबायचं. मामू रोज सकाळी तीन सापळे पाहून येत आणि आकडे शेडाच्या टिनावर खडूनं लिहीत. पंप घेऊन येणारा आधी टिन वाचे.

"यात नरच येते फक्त," मामूंनी मला सांगितलं होतं. "माद्या हुशार. त्या काही आपल्याले मोजू देत नाहीत. म्हनून सापळ्यात जे नाही आलं, तेबी ध्यानात ठेवाचं असते."

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट काय करू, असं मार्गदर्शक मॅडमनी विचारलं तेव्हा मला तो टिन आठवला. तोच टिन मोबाईलवर आणायचा, एवढंच माझ्या मनात होतं. मी एक वेबसाईट केली. पहिल्या पानावर हवामान आणि गावांची यादी. गावावर बोट ठेवलं की त्या गावच्या सापळ्याचं पान: आजचे आकडे आणि खाली एक ओळ. उंद्रीचे आकडे मामू स्वतः भरणार, धामणगाव बढे आणि साखरखेर्ड्याला मामूंनीच ओळखीतून दोन माणसं गाठून दिली. वासाच्या गोळ्या कॉलेजच्या प्रोजेक्ट निधीतून मिळाल्या.

आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं. म्हणून मी ती साईट अशी बांधली की ती एकदाच मोबाईलवर उतरते. त्यानंतर तुम्ही आत कुठेही जा, नवीन पान मागवावं लागत नाही, तेच पान आतल्या आत रूप बदलतं. याला सिंगल पेज अ‍ॅप म्हणतात. हे एवढं समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ यातून झाला.

मामूंना आकडे भरायला शिकवायला दहा मिनिटं लागली. खालच्या ओळीचं मात्र त्यांना भारी अप्रूप. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तास विचार करून लिहिलं, 'आज पतंग दोन. फवारा नको. चहा प्या.'

दीड महिना असा गेला. मग मॅडम म्हणाल्या, "प्रल्हाद, चांगलं आहे. पण किती लोक वापरतात? दिवाळीच्या आधी कमिटी बसेल. कोणतं पान किती वेळा पाहिलं जातं याचे आकडे लागतील." मी मोजणीची एक तयार स्क्रिप्ट आणून साईटमध्ये बसवली. दोन आठवड्यांनी आकडे पाहिले. पहिलं पान रोज साठ-सत्तर वेळा उघडलेलं. सापळ्यांची पानं: शून्य. उंद्री शून्य, धामणगाव शून्य, साखरखेर्डा शून्य. सगळे दिवस.

मॅडमनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "लोकांना हवामान हवंय," त्या म्हणाल्या. "सापळे कोणी बघतच नाही. ती पानं काढून टाक. गोळ्याही बंद करू, त्या निधीतून दुसऱ्या ग्रुपला सेन्सर घेता येतील. वाईट वाटून घेऊ नकोस, डेटा हेच सांगतोय."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लागलं. शनिवारी मी उंद्रीला गेलो. मामूंना सांगायचं कसं, याची चिखलीपासून तयारी करत होतो. ते एका पंपाचं नोझल तोंडानं फुंकून पाहत होते.

"काय बे भाच्या? चेहरा काऊन पडला? नापास झाला काय?"

"मामू, सापळ्याचं पान बंद करा लागते. कोनी पाहातच नाही ते. एकबी मानूस नाही. मॅडम म्हन्ते गोळ्याबी बंद."

त्यांनी नोझल खाली ठेवलं. मला वाटलं ते संतापतील, किंवा 'मी रोज कोनासाठी लिहून राह्यलो मंग' असं काही म्हणतील. ते म्हणाले, "एकबी नाही?"

"शून्य."

"कुठं उभं राहून मोजलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, मी नाही मोजलं, मशीननं मोजलं.

"मशीन कुठं उभी होती मंग? काल विलास इथं बसून मले म्हने, मामू, तुम्ही लिवलं फवारा नको, म्हनून नाही मारला. त्यानं काय सपनात वाचलं? लाव तुही मशीन."

मी लॅपटॉप उघडला, मोजणीचं पान लावलं. मामूंनी आपला तडकलेला मोबाईल काढला आणि साईट उघडली. माझ्या पडद्यावर पहिल्या पानाचा एक आकडा वाढला.

"आलो मी?"

"आले."

"आता आत जातो. उंद्री दाबलं. हे पाह्य, सापळ्याचं पान. मी आत हाव. दिसून राह्यलो काय?"

पडद्यावर काहीच हललं नाही. मामू मागे आले, पुन्हा आत गेले. साखरखेर्डा, धामणगाव, पुन्हा उंद्री. पाच वेळा गेले-आले. माझ्याकडे उंद्री शून्यच.

"पाच डाव गेलो वावरात," मामू मोबाईल खिशात घालत म्हणाले, "अन् तुह्या मशीनले मी फाटकावरच उभा दिसून राह्यलो. भाच्या, तू सापळा फाटकाले बांधला बे!"

मी तिथेच पोत्यावर बसलो. एका क्षणात सगळं लख्ख झालं. ती तयार स्क्रिप्ट पान नव्यानं उतरलं की मोजते. आणि माझं पान एकदाच उतरतं! पहिलं पान उतरताना एकदा मोजणी होई. त्यानंतर माणूस आत कितीही फिरला तरी स्क्रिप्टला पत्ता नसे. ही चूक आमच्या धंद्यातले नवशिके हमखास करतात, हे मला नंतर समजलं. माझी ती एका पंपवाल्यानं पकडली. ते मात्र हसत नव्हते. त्यांनी एकच विचारलं, "यात मानसाचं नाव दिसते काय? कोन आलं होतं ते?"

"नाही मामू. दर मोबाईलले एक बिननावाचा नंबर, अन् किती आले, कोनतं पान पाह्यलं, किती वाजता पाह्यलं. बस."

"मंग ठीक. माह्याकडं कोन येऊन काय सांगून गेला, ते या टिनाच्या बाहेर जात नाही. तुह्याकडूनबी जाऊ नोको."

त्याच दुपारी शेडात बसून मी दुरुस्ती केली. आतलं पान बदललं की दरवेळी मोजणीला 'आता इथे आहे' असं कळवणारी एक ओळ घालायची, इतकंच काम होतं. मंगळवारी आकडे पाहिले आणि हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी अक्षरशः उडी मारली. उंद्रीचं पान एका दिवसात शंभराच्या वर गेलं होतं! कमिटी पुढच्या सोमवारी होती. शनिवारी पुन्हा उंद्री गाठली आणि मामूंसमोर सगळ्या आठवड्याची यादी ठेवली. वाटलं होतं, आता शाबासकी मिळेल.

मामूंनी चष्मा लावून यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली.

"यात सात, नऊ, अकरा असा एकबी आकडा काऊन नाही?"

"म्हंजे?"

"दोन, बावीस, चौदा, एकशे दोन, छत्तीस. सारे जोडीनं येते काय? पतंग कधी असे येत नाहीत. माह्या सापळ्यात रोज असे आकडे आले असते तं मी म्हनलो असतो, कोनीतरी दोनदा मोजून राह्यलं."

मी कोड उघडलं. घाईत मी ती ओळ दोन जागी घातली होती. गावावर बोट दाबल्यावर एकदा आणि पान उघडल्यावर पुन्हा एकदा. प्रत्येक माणूस दोनदा मोजला जात होता. खरा आकडा निम्मा.

आता जे सांगतो, तीच ती फक्त मला माहीत असलेली गोष्ट. मी मामूंना म्हणालो, "मामू, परवा कमिटी हाय. मोठा आकडा दिसला तं पान वाचते. गोळ्या वाचते. एवढी कमिटी होऊ द्या, नंतर दुरुस्त करतो." मला त्यात फार मोठं पाप वाटत नव्हतं. चूक मुद्दाम केलेली नव्हती. आणि पान वाचलं तर ते लोकांच्याच भल्याचं होतं.

मामूंनी चष्मा काढला आणि समोरच्या पंपाचं झाकण उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "सायबरावनं पंप आनला होता. वायसर घासलेलं होतं, मले दिसलं होतं. पाऊस उघडला होता, त्याले वावरात जाची घाई. मी म्हनलो, आज ने, नंतर पाहू." त्यांनी झाकण घट्ट बसवलं. "मी 'नंतर' म्हनलो होतो, पल्हाद."

आधी आणि नंतर, मी त्यांच्या तोंडून साहेबरावांचं नाव ऐकलं ते एवढंच. मी दुसरी ओळ तिथल्या तिथे काढली.

खरे आकडे निम्मे झाले. उंद्री बरी होती. साखरखेर्डा रोज सात-आठ. आणि धामणगाव बढेच्या पानावर रोज एकच माणूस, सकाळी सात वाजता. तोच मोबाईल. सात वाजता तो धामणगावचं पान उघडे, मग उंद्रीचं, आणि जाई. मी म्हणालो, "कमिटी हेच धरन. म्हनन, एवढ्या मोठ्या गावात एक वाचक."

"लहान हाय तं लहान सांग," मामू म्हणाले. "पर हा एक कोन हाय, रोज सातले? जाऊन पाह्य."

"मामू, परवा कमिटी..."

"म्हनून तं उद्याच पाह्य."

त्या संध्याकाळी मी बुलढाण्याला मित्राच्या खोलीवर थांबलो आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं मोताळ्यावरून धामणगावला उतरलो. तिथं सापळा पाहणाऱ्या माणसानं मला दूध संकलन केंद्रावर नेलं. ओट्यावर किटल्या, बरण्या, कॅन घेऊन माणसांची रांग. आत मंदाताई नावाच्या बाई दुधाचा फॅट काढत होत्या. बरोबर सात वाजता त्यांनी मोबाईल खिडकीत उभा केला. मग पुढच्या माणसाचं दूध घेताना, त्याच दमात, त्याच सुरात म्हणाल्या, "फॅट सहा-दोन, पतंग चार, पुढचा!"

मागून कोणी विचारलं, "ताई, उंद्रीवाला काय म्हन्ते आज?"

त्यांनी बोट फिरवून पान बदललं आणि मोठ्यानं वाचलं, "'आज पतंग पाच. वारा लय हाय. पंप घरीच राहू द्या.' ऐकलं काय रे तुकाराम? तूच कालपासून पंप घासून राह्यला!" रांग हसली. तुकाराम म्हणाला, "उंद्रीवाल्याले कसं कळलं बे माह्या पंपाचं?"

मी ओट्याच्या कोपऱ्यात, कॅन मोजतात तिथं उभं राहून माणसं मोजली. चौतीस. माझ्या मोजणीत ती सगळी मिळून एक होती.

मंदाताईंना मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे उंद्रीचे मामू खरेच कोनी हाय काय? आमाले वाटे, मशीन लिवते."

सोमवारी मी कमिटीसमोर उभा राहिलो. आधी शून्य का दिसत होतं ते सांगितलं, आणि ती चूक माझी होती हेही सांगितलं. दुप्पट झालं होतं तेही सांगितलं. मग खरे, लहान आकडे दाखवले. शेवटी धामणगावचा 'एक' दाखवून म्हणालो की हा एक म्हणजे चौतीस माणसं आहेत. एका सरांनी विचारलं, "हे तुझ्या मोजणीत कुठे दिसतं?"

"दिसत नाही, सर. मी डेअरीच्या ओट्यावर उभं राहून मोजलं."

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आपण स्क्रीनवरच्या शून्यावर हे बंद करणार होतो. आणि ते बंद करा असं मीच म्हटलं होतं." पानं राहिली. गोळ्या राहिल्या. पुढच्या हंगामाला सापळ्यांची गावं तिनाची सहा झाली.

ही बातमी घेऊन मी धावत शेडात गेलो. मामू म्हणाले, "बरं झालं. सरक आता, उजेडात बसला तू." पण मंदाताई त्यांची ओळ रांगेला वाचून दाखवतात हे सांगितल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवशीची ओळ मी अमरावतीत वाचली: 'आज पतंग तीन. फवारा नको. धामणगावच्या बाईले सलाम.'

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या नोकरीसाठी मुलाखती देताना लोक विचारतात, तुमच्या प्रोजेक्टमधून काय शिकलात? मी सांगतो की कोणताही आकडा हाती आला की तो कुठं उभं राहून मोजला हे आधी विचारायला शिकलो. पुण्याच्या एका साहेबांना ते फार आवडलं. कोणत्या पुस्तकातलं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उंद्रीच्या पंपवाल्याचं आहे. त्यांना तो विनोद वाटला. मी खुलासा केला नाही, याची मला अजून रुखरुख आहे. कदाचित हे लिहिण्याचं तेही एक कारण असेल.

या हंगामात नवरात्र सरल्यावर पतंग वाढू लागले. एके दिवशी उंद्रीत नऊ-दहा-नऊ आले. मामूंनी लिहिलं, 'पहिला दिवस. थांबा.' दुसऱ्या दिवशी दहा-नऊ-अकरा. 'दुसरा दिवस. पंप धुवून ठेवा. उद्या सांगतो.'

तिसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत आकडा आला नाही. मामूंना कधी उशीर होत नसे, पण नेट गेलं असेल असं मला वाटलं. साडेनऊला सहज मोजणी पाहिली आणि दचकलो. उंद्रीचं पान कधी नव्हे इतकं उघडलं जात होतं. एकेक मोबाईल सात-सात, दहा-दहा वेळा. माझ्या मनात पहिला विचार आला तो चुकीचाच: पुन्हा दोनदा मोजलं जातंय. लेक्चर बुडवून मी तासभर कोड तपासलं. सगळं जागेवर होतं. मोजणी बरोबर होती. लोक पान उघडत होते, कालचाच आकडा पाहत होते, बंद करत होते आणि पुन्हा उघडत होते.

मी मामूंना फोन लावला. वाजत राहिला. बाबांना लावला, त्यांनीही उचलला नाही. आईचाही तसाच. कामाच्या दिवशी, भर सकाळी, तिघांपैकी कोणीच नाही. दुपारी दोनपर्यंत मी लावत होतो. पानावरचे आकडे वाढत होते.

अडीचला बाबांचा फोन आला. त्यांच्या मागे बरीच माणसं बोलत होती.

"पल्हाद, हबीबभाऊ गेले बापू," बाबा म्हणाले. "सकाळी सापळे पाहून आले, शेडात ओट्यावर बसले, पानी मांगतलं. पानी आनेपर्यंत गेले. आत्ता दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर माती देऊन आलो. सारं गाव होतं. सायबरावले हाताले धरून आनलं होतं."

  मागचे आवाज दूर गेले; बाबा चालत बाजूला आले असावेत.

"त्याइच्या पोरीनं, शबानानं, मले चिठ्ठी देली. सदऱ्याच्या खिशात होती. म्हने, हे पल्हादले सांगा. वही हाय काय जवळ? लिहून घे. पहिला सापळा अकरा. दुसरा नऊ. तिसरा बारा. खाली काही लिवलं नाही."

"हो," मी म्हणालो.

"टाक मंग. लोकं वाट पाहून राह्यले."